घाटोळे साहेब

बगडगंज, नागपूर
रविवार, १७ जून १९७९

चि. पुष्पलता,

'चि.' लिहिलं आणि पेन थांबलं. पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आता आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू? तरी ते अक्षर खोडत नाही. सकाळी पूजेला बसलो की तुझं नाव मनात येतंच. तोंडाने घेत नाही, एवढंच.

तुझा पत्ता आईकडून घेतला. तुमची पत्रं चालतात हे मला ठाऊक नाही, असं ती इतके दिवस समजत होती. पोस्टमन तुझं कार्ड शेजारच्या कुसुमताईंकडे टाकतो आणि तुझी आई दुपारी हळद मागायला तिकडे जाते. आपल्या घरात एवढी हळद लागत नाही.

लिहिण्याचं कारण असं की तुझी आई फार घाबरली आहे. अमेरिकेने आकाशात सोडलेलं ते स्कायलॅब, माणसांनी राहायचं घर म्हणतात त्याला, ते आता खाली पडणार आहे आणि कुठे पडेल ते त्यांनाही सांगता येत नाही. इतवारीत दुसरा विषय नाही. मी अजून गणपतरावांच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावरच बसतो आणि लोकांच्या भांड्यांवर नावं टाकतो. परवा एक जोडपं पोरीच्या लग्नाचा, पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन आलं. नाव टाकून झाल्यावर मी तारीख विचारली, तर तो गृहस्थ म्हणाला, "तारीख राहू द्या गा नत्थूजी. आधी जुलै तं निघू द्या." बायको त्याला म्हणाली, "लगन मोडाचं असन तं तसं सांगा, आकाशावर काहून ढकलता?" सगळे हसले. पण तारीख टाकली नाही.

आनंदराव हवामान खात्यात आहेत, फुगे सोडून वरचा वारा मोजतात, असं तुझी आई सांगते. वरचं काय चाललं आहे ते त्यांना कळत असेल. नागपूरवर पडण्याचा संभव किती, एवढं विचारून कळव. आईच्या समाधानासाठी.

मी घाबरलेलो नाही. माणूस चंद्रावर उतरला त्या साली तू शाळेतून आल्यावर विचारलं होतंस, "बाबाजी, आता चतुर्थीले अर्घ्य कोणाले देता?" मी म्हणालो होतो, देवळात कोणी पाय ठेवला म्हणून देव उठून जातो काय? तुला ते उत्तर आवडलं होतं. मलाही आवडलं होतं. कळमेश्वरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला असं उत्तर सुचलं, म्हणून मी ते बरेच दिवस लोकांना सांगत होतो.

सुजाता आता चालत असेल. तीन वर्षांची म्हणजे चालणारच, मी काय लिहितो आहे.

तुझा बाबाजी


बगडगंज
गुरुवार, ५ जुलै १९७९

चि. पुष्पा,

तुझं कार्ड मिळालं. पाकिटावर मी नुसतं 'पुष्पलता, हवामान केंद्र, जगदलपूर' लिहिलं, आडनाव लिहिलं नाही, म्हणून पोस्टमन चार दारं फिरला, असं तू लिहितेस. लक्षात ठेवीन.

आनंदरावांच्या ओळीही वाचल्या. त्या घरात तीन वेळा माणसं राहून आली, शेवटची उतरली त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून ते रिकामं फिरतं आहे. यंदा सूर्याचा ताप वाढला, त्याने वरची हवा फुगली, ती त्याला घासते म्हणून ते खाली येतं आहे. पृथ्वीवर पाणी जास्त, तेव्हा बहुधा समुद्रात पडेल. त्यांनी इतकं सोपं करून लिहिलं आहे की मला सगळं समजलं. आपल्या गावातही ज्या घरात चूल पेटत नाही त्याचं छप्पर आधी बसतं.

समजलं, पण भीती गेली नाही. मागच्या पत्रात मी आईचं नाव पुढे केलं. ती शांत आहे. ती म्हणते, "पडन तं पडन, मी काय आबायाले टेकू लावू?" घाबरलो आहे तो मी. दुपारी दुकानावरून विमान गेलं तरी हातातली छिन्नी घसरते. वस्तीत कोंबड्या दिसत नाहीत, लोकांनी खाऊन टाकल्या. वामनरावांनी मुंबईच्या मुलाला तार करून बोलावून घेतलं. वामनराव म्हणजे आपल्या समाजाचे पंच आणि गणेश मंडळाचे अध्यक्ष, तुला आठवत असतील. पंचांसारखा माणूस घाबरला, मग बाकीच्यांचं काय. जो तो आपली माणसं घरात गोळा करून राहिला आहे. काल संध्याकाळी मी दारात बसून पाहत होतो, आणि माझी माणसं कोण, हे मोजायला बोटं लागली नाहीत.

पोरी, तुम्ही या. आनंदरावांना घेऊन ये, सुजाताला घेऊन ये. तू जातीबाहेर रजिस्टर लग्न केलंस त्या दिवशी मी तुझ्या नावाने आंघोळ केली होती. हे तुला कुसुमताईंनी कळवलं असणारच. जिवंत पोरीच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं. ते पाणी माझ्या अंगावरून अजून उतरलेलं नाही. पंच काय म्हणतील, समाज काय म्हणेल, हे आता राहिलंच नाही. सगळेच जाणार असतील तर कोण कोणाला विचारतो?

माझ्या ताटाशेजारी आनंदरावांचं ताट मांडीन. हे मी देवासमोर बसून लिहितो आहे. पुढच्या बुधवारच्या सुमाराला ते पडेल म्हणतात, त्याच्या आत पोचा.

तुझा बाबाजी


बगडगंज
शुक्रवार, १३ जुलै १९७९

चि. पुष्पलता,

तुम्ही सुखरूप पोचलात काय ते कळव. बस वेळेवर मिळाली असेल अशी आशा आहे.

सुजाताची लोकरीची टोपी इथेच राहिली. आईने धुऊन ठेवली आहे. पार्सलने पाठवू की कसं, ते सांग.

काल गडबड फार होती. मंडळी अचानक आली आणि तुम्हीही त्याच वेळी आलात. आनंदरावांनी स्कायलॅबची माहिती फार छान सांगितली असं सगळे म्हणत आहेत. गणपतराव तर आज दुकानावर म्हणाले, "साहेब लय साधा माणूस हाय."

पाकिटावर या वेळी पूर्ण नाव लिहिलं आहे, आडनावासकट. पोस्टमनला त्रास होणार नाही.

इकडे पाऊस नाही.

बाबाजी


बगडगंज
रविवार, २२ जुलै १९७९

पुष्पा,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी रोज कुसुमताईंच्या दाराकडे पाहतो. तुझी आई हळद मागायला गेली नाही. ती माझ्याशी बोलत नाही. तुमच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या तिने मला दोन दिवस वाढल्या. "पोरीसाठी केल्या होत्या, आता तुमीच सरवा," एवढंच म्हणाली.

मागच्या पत्रात मी टोपीचं लिहिलं. जे लिहायचं ते टाळलं. तू तिथेच उभी होतीस, तुला सगळं माहीत आहे. पण ते माझ्या हाताने लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहायचा मला हक्क नाही.

त्या गुरुवारी सकाळच्या बातम्यांत सांगितलं की ते रात्रीच पडलं, थोडं समुद्रात, थोडं ऑस्ट्रेलियाच्या रानात. वस्तीत फटाके वाजले. मी देवासमोर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की इतके दिवस मी 'देवा, आमच्यावर नको' एवढंच म्हणत होतो. कोणावरच नको, असं एकदाही म्हणालो नाही. ऑस्ट्रेलियातही कोणी आपल्या देवाला हेच सांगत बसलं असेल.

तेवढ्यात वामनराव आठ-दहा जणांना घेऊन आले. "नत्थूजी, काढा खंजिरी. आज गुरुवारही हाय अन् जीवही हाय." बैठकीत भजन सुरू झालं. दुसरा अभंग चालू होता आणि दारात रिक्षा थांबली. सुजाता तुझ्या खांद्यावर झोपली होती. आनंदरावांच्या डोक्यापर्यंत लाल माती उडाली होती. बस वाटेत बंद पडली आणि तुमचा एक दिवस गेला, हे मला नंतर कळलं. बुधवारी पोचला असतात तर मी तुम्हाला पोटाशी धरलं असतं, मग गुरुवारी काही लपवायला जागाच उरली नसती, असं मी मनाला सांगतो. ते खरं आहे काय, मला माहीत नाही.

भजन थांबलं. कोणी तुमच्याकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उठलो आणि म्हणालो, "पुष्पा आली आमची. हे हवामान खात्याचे साहेब, तिच्या सोबतीले आले."

तू सुजाताला दुसऱ्या खांद्यावर घेतलंस आणि आत आईजवळ जाऊन उभी राहिलीस.

वामनरावांनी खुर्ची ओढली. "या साहेब, बसा. तुमच्याच खात्याची गोष्ट चालू हाय. आडनाव काय आपलं?"

आनंदरावांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांना बोलू दिलं नाही. "घाटोळे," मी म्हणालो. मेमध्ये आपल्या समाजातल्या घाटोळ्यांच्या घरच्या लग्नाची सगळी भांडी मी कोरली होती, हाताला बसलेलं नाव तोंडात आलं.

"कोणते घाटोळे? सावनेरकडचे का?"

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या भांड्याला चीर आहे काय ते उजेडात धरून पाहावं, तसं पाहिलं. "हे सांगतील," ते म्हणाले.

"सावनेरकडचेच," मी म्हणालो.

मग लोकांनी त्यांना विचारलं आणि ते सांगत राहिले. गणपतरावांनी विचारलं, "साहेब, पडलं तवा आतमधी माणसं होती काय?" ते म्हणाले, "नाही, रिकामं होतं." "मंग एवढं मोठं घर वर बांधून सोडून काहून देलं?" ते म्हणाले, "सोडलं नव्हतं. वर जाऊन त्याला सावरणारं नवं यान बांधून राहिले आहेत. ते वेळेवर तयार झालं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मंडळी गेली. मी दार लावलं. ताटं मांडायला सांगितली, माझ्या शेजारी त्यांचं, जसं लिहिलं होतं तसं. मला वाटलं, शब्द पाळतो आहे. तू विचारलंस, "बाबाजी, दार काहून लावलं?" मी ताटं सरळ करत राहिलो. मग तू म्हणालीस, "ते पडलं असतं तं आम्ही तुमचे होतो."

आनंदराव एवढंच म्हणाले, "मामाजी, पोरीले पाणी द्या. गाडीत पाणी नव्हतं." जगदलपूरहून आलेल्या लेकराला मी पाणी विचारलं नव्हतं. साहेबांना खुर्ची दिली होती.

सुजाता पाणी प्यायली आणि तुम्ही निघालात. मी रिक्षापर्यंत आलो नाही. दारात उभा राहिलो, आणि दारात उभं राहूनही दोन्ही बाजूंना कोण पाहतं आहे ते पाहत होतो.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावी की नाही हा विचार करावा लागेल, तेवढाही त्रास तुला देण्याची माझी लायकी नाही.

बाबाजी


बगडगंज
रविवार, १२ ऑगस्ट १९७९

पुष्पा,

या पत्रात जे आहे ते लिहावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी लिहितो आहे. वाचून फाडून टाकलंस तरी चालेल.

वस्तीत घाटोळे साहेबांचं नाव फार झालं आहे. दुकानावर रोज कोणी ना कोणी विचारतो, "साहेब पुन्हा कवा येतात?" कोणी म्हणतो, असा शांत माणूस पाहिला नाही. मी 'हो' म्हणतो. कौतुक त्यांचं चाललं आहे, आणि ते दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा होतं आहे, आणि मी मधे बसून ऐकतो आहे.

यंदा मंडळाचा देखावा स्कायलॅबचा आहे. सहा हात उंच गणपती, त्याच्या तळहातावर पत्र्याचं स्कायलॅब, खाली नागपूर शहर. देवाने ते वरच्यावर झेललं आणि अलगद समुद्रात सोडलं, असं दाखवणार. वामनरावांनी बैठकीत ठरवलं की पहिल्या दिवसाची आरती हवामान खात्याच्या घाटोळे साहेबांच्या हस्ते, आणि नंतर त्यांचं अंतराळावर भाषण. आमंत्रण मी द्यायचं. त्यांना मंडळाकडून पितळेची थाळी द्यायची आणि तिच्यावर नावही मीच टाकायचं.

थाळी माझ्याकडे आली आहे. 'श्री. आनंदराव' एवढं कोरलं आणि पुढे हात गेला नाही. तेवढं नाव तरी खरं आहे.

आता मनात आलं ते सांगतो. माझ्या मनात असं आलं की ते आले तर काय बिघडतं? त्यांना मान मिळेल. हजार माणसं त्यांचं ऐकतील. हार घालतील, ज्यांनी एरवी घातला नसता ते घालतील. सुजाता चार दिवस इथे राहील, तुझ्या आईचं तोंड उघडेल. आडनाव कोणी विचारणार नाही, ते एकदा विचारून झालं आहे. मी तुला या म्हणत नाही. फक्त कळवतो आहे.

वरचं लिहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो होतो. कालच्या पेपरात आहे की शुक्रवारी आपल्या देशाने स्वतः बांधलेलं पहिलं मोठं रॉकेट सोडलं आणि ते उपग्रहासकट समुद्रात पडलं. कितीतरी लोकांची कितीतरी वर्षांची मेहनत. पण स्पष्ट छापलं आहे की उड्डाण फसलं. लपवलं नाही, दुसऱ्या कोणाचं म्हटलं नाही. आमचंच होतं आणि पडलं, म्हणाले. गणपतराव पेपर वाचून म्हणाले, "पाहा, यांचंबी पडलं." मला त्या लोकांचा हेवा वाटला.

बाहेरून आल्यावर वरचा मजकूर पुन्हा वाचला. 'फक्त कळवतो आहे' हे खोटं आहे. मी विचारतो आहे. तू नाही म्हणावंस असंही वाटतं आणि हो म्हणावंस असंही वाटतं. पत्र टाकू नये असं वाटतं आहे, तरी टाकतो, कारण माझ्यात काय चालतं ते तुला कळलेलं बरं.

बाबाजी


बगडगंज
गुरुवार, २३ ऑगस्ट १९७९

पुष्पा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. इतक्यांदा वाचलं की पाठ झालं आहे. "बाबाजी, हे यायला तयार आहेत. मंडळाच्या पत्रकावर यांचं खरं नाव छापा आणि खाली तुमचे जावई असं छापा. छापलेलं पत्रक पाठवा, मग तिकीट काढतो. घाटोळे साहेब इथे कोणी राहत नाहीत."

पत्रकाचा मजकूर मंगळवारच्या बैठकीत ठरायचा होता. चारचौघांत उभं राहून बोलायची हिंमत माझ्यात येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मंगळवारी सकाळी थाळी मांडीवर घेतली. 'श्री. आनंदराव' याच्यापुढे 'गजभिये' कोरलं. त्याखाली 'हवामान खाते' आणि त्याखाली 'नत्थूजी यांचे जावई'. पितळेवर पडलेलं अक्षर पुसत नाही. घरी जाऊन मन बदललं तरी उपयोग नाही, असं करून ठेवलं.

गणपतराव गल्ल्यावरून वाकून पाहत होते. "नत्थूजी, हे काय टाकून राहिले गा? मंडळाचं सामान हाय."

"नाव टाकून राहिलो."

"तीस वर्षांत तुमची वेलांटी चुकली नाही. आज अख्खं नाव चुकलं काय?"

"चुकलं त्या गुरुवारी," मी म्हणालो. ते उठून आत गेले आणि उगाच भांडी लावत बसले.

संध्याकाळी मांडवात बैठक होती. मी थाळी वामनरावांच्या पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि शेजारच्याला दिली. त्याने पुढच्याला दिली. थाळी सगळ्यांच्या हातातून फिरून आली, आणि कोणाच्याच तोंडावर आश्चर्य नव्हतं.

मी म्हणालो, "ते घाटोळे नाहीत. माझे जावई होत. मी खोटं बोललो."

वामनराव हसले. वाईट नाही हसले, लहान पोराला हसावं तसे हसले. "नत्थूजी, पोरगी कोणाच्या घरी देली, म्हणजे गेली, हे बगडगंजात कोणाले माहीत नाही? अन् लेकरू तं हुबेहूब त्याच्याच तोंडावळ्याचं."

"मंग त्या दिवशी आडनाव काहून विचारलं?"

"तुमी काय म्हणता ते पाहाले." मग ते थोडे पुढे सरकले आणि हळू बोलले. "तुमी घाटोळे म्हटलं, आमाले बरं वाटलं. तुमची अडचण मिटली अन् आमचीबी मिटली. माणूस चांगला हाय, हुशार हाय, घाटोळे म्हणून आमी त्याले डोक्यावर घेतलं असतं. आमी तुमाले सांभाळून राहिलो होतो नत्थूजी. आता तुमी हे कोरून आणलं. आता आमी काय करावं, तुमीच सांगा."

"याच नावाले हार घाला," मी म्हणालो.

एकजण म्हणाला, वर्गणी गोळा व्हायची आहे अजून. दुसरा मांडवाच्या बल्लीला बांधलेली दोरी सोडून पुन्हा बांधू लागला. वामनरावांनी थाळी माझ्याकडे सरकवली. "यंदा पाहुणा नको. आरती मीच करतो. थाळी तुमीच घेऊन जा, मंडळाच्या कामाची राहिली नाही."

मी घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं. आडनावाचा तो प्रश्न आनंदरावांसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. मी काय म्हणतो ते दहा माणसं पाहत होती, तू पाहत होतीस, आणि खुर्चीवर बसलेले आनंदरावही पाहत होते. त्यांनाही त्याच वेळी कळलं असेल की इथे सगळे जाणतात. तरी त्यांनी त्या लोकांना स्कायलॅब समजावून सांगितलं. मी इतके दिवस समजत होतो की मी त्यांचं नाव लपवलं. त्या गुरुवारी सगळ्यांना दिसत होतो तो मी एकटाच.

तुझ्या आईने थाळी वाचली. तिला अक्षरओळख थोडी, बोट फिरवत वाचली. मग तिने बैठकीतल्या फळीवरचे डबे बाजूला केले आणि थाळी तिथे उभी ठेवली, दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी. नंतर म्हणाली, "अजी, भात टाकू काय?" महिन्याभराने बोलली.

आज गुरुवार. भजनाला दोघे आले. थाळीकडे पाहिलं, पाणी प्यायले, एकाच्या पोटात दुखू लागलं आणि दुसरा त्याला सोडायला गेला. मी एकट्याने खंजिरी वाजवली. वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. फार वाईट वाटलं. मला ती माणसं हवी आहेत, पुष्पा. आयुष्यभर त्यांच्यातच बसलो. हे कोरल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

पत्रक छापलं जाणार नाही. तेव्हा तुम्ही तिकीट काढायचं कारण नाही. ती थाळीही मी तुम्हाला पाठवणार नाही. ती चारचौघांत द्यायची होती. तशी देता आली नाही, आता पार्सल करून दिली तर तो मान होत नाही. ती इथेच राहील.

मी येतो. पुढच्या गुरुवारी निघतो. घरचा गणपती बसवून निघेन, उठवेल तुझी आई. तिला सोबत चल म्हणालो, तर म्हणाली, "आधी तुमी एकटे जा. तुमचं तोंड तुमी दाखवा. मी मागून येतो." नको असेन तर तार कर. तार आली नाही तर निघालो असं समज.

राहायला येत नाही. तुझ्या दारात बसेन, आनंदरावांच्या घरचं पाणी पिईन, त्यांनी वाढलं तर जेवेन, आणि संध्याकाळच्या गाडीने परतेन. सकाळी त्यांची फुगा सोडण्याची वेळ असेल तर त्यांना थांबवू नकोस. मी लांबून पाहीन.

तुमच्या वसाहतीत शेजारीपाजारी विचारतील, हे कोण आले. आनंदरावांना सांग, त्यांना जे सांगावंसं वाटेल ते सांगू दे. ओळखीचे कोणी गृहस्थ म्हणाले तरी चालेल. मला घाटोळे म्हणाले आणि कोणी विचारलं, सावनेरकडचे का, तर मी हो म्हणेन.

नत्थू